किल्ली फिरते, पण गाडी चालू होत नाही

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे गाडीच्या किल्लीविषयी आहेत. त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळी ते एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न (सातारा) : स. न. वि. वि. माझ्याकडे 2012 सालची हॅचबॅक गाडी आहे. घरात दुसरी किल्ली असावी म्हणून बाजारपेठेतील चावीवाल्याकडून दीडशे रुपयांत नक्कल करून घेतली. ती दाराला व्यवस्थित लागते, इग्निशनमध्ये फिरते, सेल्फही लागतो; पण इंजिन क्षणभर गुरगुरते आणि बंद पडते. मीटरवर किल्लीचे चित्र असलेला दिवा लुकलुकत राहतो. चावीवाला म्हणतो, "साहेब, माझं काम चोख आहे, गाडीतच काहीतरी आहे." तो खरे बोलत आहे का?

उत्तर : अगदी खरे बोलत आहे. त्याच्या हाती असलेले काम त्याने चोख केले आहे. मात्र तुमच्या एका किल्लीत दोन किल्ल्या आहेत आणि त्यांपैकी एकीचीच नक्कल त्याने केली आहे. पात्यावरचे दाते ही पहिली किल्ली. तिच्याने दाराचे आणि इग्निशनचे कुलूप फिरते. दुसरी किल्ली काळ्या प्लास्टिकच्या मुठीत दडलेली असते. तिचा कुलपाशी काही संबंध नसतो. तिचा व्यवहार थेट इंजिन चालवणाऱ्या संगणकाशी, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला इसीयू म्हणतात त्याच्याशी असतो. या दुसऱ्या किल्लीची ओळख पटली नाही, तर इसीयू इंजेक्टरमधून इंधन सोडणे थांबवतो. तुमची गाडी गुरगुरून बंद पडते तो बिघाड नाही, गाडीला तसेच शिकवलेले आहे. काही गाड्यांत याच कारणाने सेल्फसुद्धा लागत नाही. कोठे अडवायचे हे प्रत्येक निर्माता आपल्यापुरते ठरवतो.

या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या माहितीपत्रकांत ती आयकॅट्स या नावाने भेटते, इतर कंपन्यांची नावे वेगळी आहेत, पण आतील रचना बहुतांशी सारखीच असते.

भंगारात गेलेल्या एका गाडीची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिची मूठ उकलल्यावर आत करंगळीच्या नखाएवढी एक काळी पाचर निघाली. तिला बटण नाही, बॅटरी नाही, बाहेर आलेली एकही तार नाही. काही किल्ल्यांत अशा पाचरीऐवजी काचेची इवलीशी बंद नळी असते, बासमतीच्या शिजलेल्या दाण्याएवढी. भिंग धरले तर तिच्यात केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्याच्या टोकाशी चिपचा ठिपका दिसतो. बॅटरी नसताना ही चिप चालते कशी, हे कळले की अर्धे कोडे सुटते.

स्टीअरिंगखालचे प्लास्टिकचे आवरण काढल्यास इग्निशनच्या कुलपाभोवती बसवलेले एक काळे कडे दिसते. त्यातही तांब्याच्या तारेचे वेढे असतात. तुम्ही किल्ली फिरवता त्या क्षणी या कड्यातून सेकंदाला सुमारे सव्वा लाख आवर्तने करणारा प्रवाह वाहू लागतो, त्यामुळे कड्याभोवती तितक्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि त्या क्षेत्रात आलेल्या किल्लीतील वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेले तत्त्वच येथे वापरलेले आहे. शाळेत ट्रान्सफॉर्मर शिकताना आपण सर्वांनी त्याची आकृती काढलेली आहे. ही वीज फार थोडी असते, पण चिपला जागे करून चार वाक्ये बोलायला लावण्यापुरती पुरते. अंतर मात्र काही सेंटिमीटरचेच चालते. म्हणून किल्ली खिशात ठेवून नुसते कुलूप फिरवल्यास या गाड्यांना कळत नाही. मूठ कड्याजवळच असावी लागते.

आता ही चार वाक्ये कोणती ते पाहू. गडाच्या दरवाजावरील पहारेकऱ्याला परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय आत प्रवेश नसे, हे आपल्याला ठाऊक आहे. अगदी सुरुवातीच्या चिप अशाच होत्या. जाग आली की त्या आपला ठरलेला क्रमांक सांगत आणि क्रमांक जुळला की गाडी सुरू होई. या पद्धतीतील खोट उघड आहे. परवलीचा शब्द एकदा कोणी चोरून ऐकला की तो त्याचाही झाला. त्यामुळे पुढच्या पिढीच्या चिपमध्ये पहारेकरी शब्द विचारत नाही, गणित घालतो. गाडी दर वेळी एक नवी, मनास येईल ती लांबलचक संख्या किल्लीकडे पाठवते. किल्लीच्या पोटात एक गुप्त संख्या साठवलेली असते, आणि तीच गाडीच्याही पोटात असते. किल्ली या दोन संख्यांवर ठरलेली गणिती प्रक्रिया करून फक्त उत्तर परत पाठवते; गाडी तेच गणित स्वतः सोडवते आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहते. गुप्त संख्या स्वतः एकदाही हवेतून प्रवास करीत नाही, आणि उद्याचा प्रश्न वेगळा असल्यामुळे आजचे चोरून ऐकलेले उत्तर उद्या कवडीच्या मोलाचे ठरते. हा सगळा संवाद किल्ली फिरवण्याच्या आणि सेल्फ लागण्याच्या मधल्या पाव-अर्ध्या सेकंदात उरकतो, म्हणून मालकाला वर्षानुवर्षे त्याचा पत्ताही नसतो.

याची खात्री करून घ्यायची असेल तर एक साधा प्रयोग घरच्या घरी करता येतो. मी तो माझ्या 2009 सालच्या गाडीवर केला. मूळ किल्लीच्या मुठीभोवती स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियमच्या फॉइलचे चार पदर घट्ट गुंडाळले आणि किल्ली फिरवली. दाते तेच, कुलूप तेच. तरी दिवा लुकलुकू लागला आणि इंजिनाने सुरू झाल्यासारखे करून मान टाकली. फॉइल काढताच पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे फॉइलमध्येच भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतात. त्यामुळे आतील चिप उपाशी राहते. हाच प्रकार अजाणताही घडू शकतो. किल्लीच्या जुडग्यात धातूची जाड चकती असेल किंवा दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली चिकटून लोंबत असेल, तर चांगली गाडीही कधीमधी रुसते. दोन गाड्यांच्या किल्ल्या एका कडीत ठेवू नका, असे मी सांगतो त्याचे कारण एवढेच.

जुन्या गाड्यांत चोर स्टीअरिंगखालच्या वायरी ओढून, दोन टोके जोडून गाडी 'डायरेक्ट' करीत असे. तो मार्ग आता का बंद झाला, हेही यावरून लक्षात येईल. इग्निशनच्या वायरी जोडल्याने फार तर सेल्फ फिरेल. इंधन सोडण्याचा निर्णय त्या वायरींवर अवलंबूनच नाही. इसीयूच बदलून टाकावा म्हटले, तर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेला त्याच मॉडेलचा इसीयू जोडूनही काम होत नाही, कारण त्याच्या स्मरणात त्याच्या जुन्या गाडीची ओळख असते. प्रामाणिक मेकॅनिकचीही यामुळे अडचण होते, हे कबूल केले पाहिजे.

तुमच्या चावीवाल्यापुरते बोलायचे तर त्याने दिलेली किल्ली फेकून देऊ नका. किल्ली गाडीत अडकून दारे बंद झाली तर दार उघडायला ती उपयोगी पडेल. गाडी सुरू करायची असेल तर मात्र चिप असलेली कोरी किल्ली घेऊन तिची गाडीला ओळख करून द्यावी लागेल.

प्रश्न (नागपूर) : मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक आहे. किल्लीत सांकेतिक खूण ठेवण्याची कल्पना प्रथम कोठे आली आणि तिच्यामुळे चोऱ्या खरोखर कमी झाल्या का, की ही केवळ कंपन्यांची जाहिरात आहे?

उत्तर : जाहिरात नाही. कल्पनेची सुरुवात मात्र आजच्या चिपच्या मानाने फार साधी होती. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1986 सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीच्या पात्यात एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारी गोळी बसवली. किल्ली कुलपात शिरली की दोन टोके त्या गोळीला टेकत, गाडी रोध मोजे, आणि तो अपेक्षित आकड्याशी जुळला तरच इंजिन सुरू होऊ देई. असे एकूण 15 वेगवेगळे रोध वापरात होते. चुकीची किल्ली लावली की यंत्रणा काही मिनिटे कोणाचेच ऐकत नसे. प्रत्येक चुकीनंतर चार मिनिटे थांबावे लागते असे धरले, तर पंधराही किल्ल्या सोबत आणलेल्या चोराला वाईटात वाईट परिस्थितीत सुमारे एक तास लागणार. तुमच्या विद्यार्थ्यांना हे गणित आवडले असते. भर रस्त्यात तासभर थांबणे चोराला परवडत नाही, एवढ्यावरच ही युक्ती उभी होती. तिचा त्रास मालकांनाही झाला. टेकणारी टोके झिजली किंवा मळली की रोध चुकीचा मोजला जाई आणि खरा धनी आपल्याच गाडीबाहेर ताटकळत राही. स्पर्शाशिवाय चालणारी चिप आल्यावर ही कटकट गेली.

युरोपात या गोष्टीला जोर आला तो 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस. बर्लिनची भिंत पडल्यानंतर पश्चिम जर्मनीतील गाड्या चोरून पूर्वेकडे नेण्याचे प्रमाण एकाएकी वाढले आणि भरपाई देऊन थकलेल्या विमा कंपन्यांनी वाहन उत्पादकांमागे लकडा लावला. पुढे 1995 च्या युरोपीय निर्देशानुसार इमोबिलायझर सक्तीचा झाला; जर्मनीत 1 जानेवारी 1998 पासून आणि ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून. ऑस्ट्रेलियाने 2001 मध्ये आणि कॅनडाने सप्टेंबर 2007 पासून तोच नियम केला. नेदरलँड्समधील यान व्हान आउर्स आणि बेन व्होलार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी 1995 ते 2008 या काळातील तेथील चोऱ्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा या एका उपकरणामुळे गाड्यांच्या चोरीचे प्रमाण सरासरी सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष निघाला. एवढ्या इवल्याशा वस्तूने एवढे साधावे, ही मला मोठीच गोष्ट वाटते.

गणिताचा शिक्षक असतात तर तुम्ही पुढचा प्रश्न नक्की विचारला असता : ती गुप्त संख्या ओळखून काढता येत नाही का? काही चिपच्या बाबतीत येते, आणि तशी काढली गेलीही आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका लोकप्रिय चिपमध्ये ही संख्या 40 बिटांची, म्हणजे 0 किंवा 1 अशा 40 अंकांची होती, म्हणून तिच्या सुमारे 1 लाख 10 हजार कोटी शक्यता होत्या. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, संगणकाला वाटत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज येथील संशोधकांनी 2005 मध्ये ती चिप फोडून दाखवली. त्याहून बोलका प्रसंग मेगामोस नावाच्या चिपचा आहे. तिच्यातील दोष ब्रिटनमधील बर्मिंगहॅम आणि नेदरलँड्समधील नायमेगेन येथील तीन संशोधकांनी 2012 मध्ये शोधला. शोधनिबंध प्रसिद्ध होऊ नये म्हणून आपल्या गाड्यांत ती चिप वापरणाऱ्या फोक्सवॅगनने 2013 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला, आणि तो निबंध अखेर 2015 मध्ये, एक वाक्य गाळून, छापला गेला. मधली दोन वर्षे त्या दोषासह गाड्या रस्त्यावर होत्याच. गणिती प्रक्रिया गुप्त ठेवणे म्हणजे सुरक्षितता, अशी उत्पादकांची जुनी समजूत होती आणि ती चुकीची होती, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगली प्रक्रिया उघड करूनही टिकते. गुप्त राहायला हवी ती फक्त संख्या. आज नव्या गाड्यांत 128 बिटांच्या, जगजाहीर आणि कसून तपासलेल्या प्रक्रिया वापरल्या जाऊ लागल्या आहेत.

प्रश्न (ठाणे) : आमची नवी गाडी बटण दाबून सुरू होते, किल्ली खिशातच राहते. सोसायटीतील एक गृहस्थ म्हणतात की किल्ली रात्री स्टीलच्या डब्यात ठेवावी, नाहीतर चोर घराबाहेरूनच गाडी उघडतात. घरातील सर्वांना याचे हसू येते. त्यात काही तथ्य आहे का?

उत्तर : तुमचे शेजारी बरोबर सांगत आहेत, हसण्यासारखे काही नाही.

खिशातील किल्लीला गाडी आधी मंद कंप्रतेची हाक घालते. ही हाक मीटर-दीड मीटरच्या पलीकडे पोहोचू नये, अशीच योजना असते. किल्लीने हाक ऐकली की ती स्वतःच्या बॅटरीच्या बळावर दूर जाणाऱ्या रेडिओ लहरींनी उत्तर देते. येथे गाडी एक गोष्ट गृहीत धरते : उत्तर आले, म्हणजे किल्ली जवळच आहे. दोन चोर नेमके हेच गृहीतक वापरतात. एक जण गाडीपाशी आणि दुसरा तुमच्या दाराशी उभा राहून गाडीची हाक पुढे नेऊन पोहोचवतो. दाराजवळच्या खुंटीला टांगलेली किल्ली इमानाने उत्तर देते आणि गाडी उघडते. गुप्त संख्या कोणी फोडलेली नसते, गणितही खरेच सुटलेले असते. फसवले जाते ते अंतर. झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये आठ उत्पादकांच्या दहा मॉडेलांवर ही चाचणी केली आणि दहाही गाड्या फसल्या.

धातूच्या बंद डब्यात किल्लीपर्यंत हाक पोहोचतच नाही. मात्र प्रत्येक डबा सारखा नसतो; सैल झाकणाचा डबा कुचकामी ठरू शकतो. किल्ली डब्यात ठेवून, झाकण लावून तो गाडीच्या दारापाशी न्या आणि दाराच्या मुठीवरचे बटण दाबा. दार उघडले तर डबा बदला. ठाण्यातील माझ्या एका स्नेह्यांच्या घरी लाडू संपल्यावर रिकामा झालेला डबा पहिल्याच चाचणीत उत्तीर्ण झाला आणि इंटरनेटवरून मागवलेली महागडी पिशवी मात्र नापास झाली. काही नव्या किल्ल्या थोडा वेळ हलल्या नाहीत की आपोआप झोपी जातात, आणि काही गाड्यांत किल्लीचे अंतर लहरींच्या प्रवासाला लागलेल्या वेळावरून मोजले जाते. तुमच्या गाडीत यांपैकी काही असेल तर माहितीपुस्तिकेत तसा उल्लेख सापडेल.

आपल्याकडे याहून अधिक आढळणारा प्रकार वेगळा आहे. काच फोडून आत शिरायचे, स्टीअरिंगखालील ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीतील बिघाड तपासण्यासाठी ठेवलेल्या जोडणीला, यंत्र जोडायचे आणि कोऱ्या किल्लीची गाडीला नव्याने ओळख करून द्यायची. सर्व्हिस सेंटरमध्ये वैध रीतीने केले जाते तेच काम चोर अवैध रीतीने करतो. दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे अशी यंत्रे अनेकदा सापडली आहेत. यावर स्टीलचा डबा चालत नाही; स्टीअरिंगला किंवा गिअरला लावायचे जुने, बोजड, डोळ्यांना दिसणारे कुलूप चालते. मी स्वतः ते वापरतो.

प्रश्न (कोल्हापूर) : रिमोटची बॅटरी संपली तर गाडी वाटेतच अडकून पडेल का?

उत्तर : नाही. किल्ली फिरवायची गाडी असेल तर दार पात्याने उघडा आणि नेहमीसारखी सुरू करा. रिमोटची बॅटरी फक्त दारांच्या बटणांसाठी असते आणि इंजिनाच्या चिपला तिची गरज नसते. बटणाच्या गाडीत किल्लीच्या पोटात एक छोटे पाते लपवलेले असते, त्याने दार उघडते. मग किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या खास जागी ठेवून बटण दाबा. त्या जागेमागे मघाचेच तांब्याचे वेटोळे असते.

प्रश्न (पणजी) : माझ्या स्कूटरच्या किल्लीच्या मागील बाजूने कुलपावरची झडप बंद करता येते. ही किल्लीही सांकेतिक आहे का?

उत्तर : सांकेतिक आहे, इलेक्ट्रॉनिक नाही. त्या बाजूला इवली चुंबके ठरावीक मांडणीत बसवलेली असतात आणि ती झडपेमागचे खिळे योग्य तेवढे सरकवतात. कुलपात स्क्रू ड्रायव्हर खुपसणाऱ्याला अडवणे एवढाच तिचा हेतू असतो. इंजिनाला तिची काहीही खबर नसते. स्मार्ट किल्लीच्या काही नव्या स्कूटरमध्ये मात्र खरा इमोबिलायझर असतो.

प्रश्न (शिकागो परिसर) : अमेरिकेत 2022 मध्ये ह्युंदाई आणि कियाच्या गाड्या शाळकरी मुलांनी चोरल्याच्या बातम्यांनी आम्ही हैराण झालो होतो. माझा भाऊ नाशिकला असतो आणि त्याच्याकडे यांपैकीच एका कंपनीची गाडी आहे. त्याने काळजी करावी का?

उत्तर : तुमच्याकडील प्रकरणाचे मूळ एका ओळीत सांगता येते : अमेरिकेत इमोबिलायझरची सक्ती कधीच झाली नाही. इतर उत्पादकांनी तो आपण होऊन बसवला. 2015 च्या मॉडेलांत त्यांच्या 96 टक्के गाड्यांत तो होता, तर ह्युंदाई-कियाच्या केवळ 26 टक्के गाड्यांत. राहिलेल्या गाड्यांत स्टीअरिंगखालचे आवरण तोडून कुलपाचे नळकांडे उपसले की आतला खुंट कशानेही फिरवता येई. ज्या कॅनडात 2007 पासून सक्ती होती, तेथे याच कंपन्यांच्या गाड्यांवर ही साथ आली नाही. पुढे 2023 मध्ये कंपन्यांनी सॉफ्टवेअर बदलून दिले. ते मूळ इमोबिलायझरची जागा घेते असे मात्र म्हणता येणार नाही, कारण किल्लीत चिप नाही ती नाहीच.

दोष कंपनीच्या नावात नसून त्या देशातल्या त्या मॉडेलमध्ये होता, त्यामुळे भावाने घाबरून जाण्याचे कारण नाही. त्यांना पुस्तिकेत इमोबिलायझर हा शब्द शोधायला सांगा आणि शंका उरलीच तर वर दिलेला फॉइलचा प्रयोग करू द्या. मात्र इमोबिलायझर इंजिनाला अडवतो, गाडीला नाही. टो करून नेलेली गाडी, रात्रीतून गेलेली स्टेपनी, किंवा आतील मौल्यवान धातूंसाठी महाराष्ट्रात आणि गुजरातेत कापून नेलेले मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर, यांपुढे तो हतबल असतो.

प्रश्न (पुणे) : तीन वर्षांपूर्वी गाडीची एक किल्ली हरवली. उरलेल्या एकीवर काम चालले आहे. आता विमा एजंट म्हणतात, गाडी चोरीस गेली तर दोन्ही किल्ल्या द्याव्या लागतील. एका सर्व्हिस सेंटरने तर पूर्ण इसीयू बदलण्याचा खर्च सांगितला. मी काय करावे?

उत्तर : एक किल्ली हातात असताना इसीयू बदलण्याची सहसा गरज नसते. सगळ्याच किल्ल्या हरवल्यास काही मॉडेलांत तशी वेळ येऊ शकते, पण तुमची स्थिती ती नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारा आणि दोन कामे एकाच भेटीत करून घ्या. पहिले म्हणजे नव्या किल्लीची नोंद. दुसरे, जे बहुतेक लोक विसरतात, ते म्हणजे हरवलेल्या किल्लीची नोंद गाडीच्या स्मरणातून काढून टाकणे. ती किल्ली कोणाला सापडली असेल तर आजही तिने तुमची गाडी सुरू होते. नोंद पुसल्यानंतर ती सातारच्या वाचकांच्या नकलेसारखी होईल; दार उघडेल, इंजिन चालणार नाही. दारही उघडू नये असे वाटत असेल तर कुलपांचा संच बदलावा लागतो. जाताना घरातील सर्व किल्ल्या सोबत न्या, कारण काही गाड्यांत जुन्या सर्व नोंदी पुसून समोर असलेल्या तेवढ्याच नव्याने घेतल्या जातात.

विम्याविषयी एजंटचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. चोरीच्या दाव्यात एफआयआर, पोलिसांचा तपास निष्फळ ठरल्याचा अहवाल, म्हणजे आपल्याकडील 'अ' समरी, आणि दोन्ही मूळ किल्ल्या मागितल्या जातात. एक किल्ली नसेल तर ती गाडीतच राहिली होती का, असा संशय घेतला जातो. म्हणून किल्ली हरवल्याची तक्रार आताच नोंदवा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि जुनी नोंद काढल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले बिल जपून ठेवा. पुण्यातील एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्यता दिलेले चोरीविरोधी उपकरण बसवल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, कमाल 500 रुपये, सवलतीची तरतूद जुन्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे वाहन विम्याच्या दरांच्या नियमावलीत, होती; आता ती मिळते का, हे आपल्या कंपनीला विचारा. बसवल्याचे प्रमाणपत्र लागते आणि रक्कम पाहता केवळ तेवढ्यासाठी उपकरण घेण्यात अर्थ नाही.

नव्या गाडीबरोबर किल्लीचा क्रमांक कोरलेली एक छोटी धातूची पट्टी मिळते. तीही शोधून ठेवा, कारण नवे पाते कापताना तो क्रमांक लागतो. पुष्कळ घरांत ती पट्टी किल्लीच्याच जुडग्यात अडकवलेली असते, आणि किल्ली हरवली की तिच्याबरोबरच जाते.